शेतसारा, बंड आणि येसकराची काठी

दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना एक ठरलेले उत्तर हाती येते. प्रश्न इंग्रजी राजवटीच्या महसूल धोरणाचा असतो. उत्तर असे असते: इंग्रजांनी शेतसारा वाढवला, तो रोखीने मागितला, शेतकरी सावकाराच्या दारी गेला, जमीन गहाण पडली, रोष साचला, दंगे झाले, त्यातून वासुदेव बळवंत फडके ह्यांचे बंड उभे राहिले आणि क्रांतीची ज्योत पेटली. दहापैकी सात गुण. मीही देतो. उत्तर चूक नाही. पुस्तकात तसेच आहे आणि पुस्तकातले बरेचसे खरे आहे.

मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात शिकवतो. माझ्या वर्गात ज्यांच्या वडिलांच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या त्यांची मुले असतात, आणि मराठवाड्यातून, विदर्भातून इथे कंत्राटी कामाला आलेल्यांचीही असतात. अशाच एका मुलाने तास संपल्यावर मला गाठून विचारले, "सर, आमच्याकडं जमीनच नव्हती. मग सारा वाढला तेव्हा आमची माणसं कशावर चिडली?" मी काहीतरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

कर, रोष आणि क्रांती ही साखळी आपल्या इतिहासलेखनाने आणि त्यामागोमाग आपल्या वाङ्मयाने इतकी पक्की केली आहे की तिच्यातला 'कुणाचा' हा शब्द गळून पडला, हेही कुणाच्या ध्यानात आले नाही. कर कुणाचा? रोष कुणाचा? क्रांती कुणासाठी? जो रोखीने सारा भरत होता त्याचा रोष हाच सगळ्या देशाचा रोष ठरला. ज्याने सारा अंगावर वाहिला त्याची नोंद करदात्यांत झाली नाही, म्हणून बंडखोरांतही झाली नाही.

चाकणहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता आज दिवसरात्र मालमोटारींनी भरलेला असतो. शिक्रापूरहून पुण्याकडे वळले की थोड्याच अंतरावर कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई तिथे झाली. आपली माणसे तिथल्या स्तंभापाशी का जातात, बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे का गेले, हे ह्या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण महसुलाच्या इतिहासात हेच १८१८ साल रयतेच्या दैन्याचा आरंभ म्हणून येते. एका सालाचे असे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता ह्या मांग मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, त्यात पेशवाईतल्या छळाची आणि जमिनींवरून हुसकावले गेल्याची आठवण जिवंत आहे आणि नव्या राजवटीत तो उघड छळ थांबल्याचे समाधानही आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हे लिहीत होती तेव्हा त्याच पुणे जिल्ह्यातला कुणबी साऱ्याच्या हप्त्याने वाकला होता. इंग्रज आला तेव्हा सगळ्यांचे एकदमच वाईट झाले, असे ज्याला म्हणायचे आहे त्याने आधी मुक्ताबाईचा निबंध वाचावा.

आता साऱ्याची हकिकत. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ भाग सरकारचा ठरवला. विलायतेत शिकलेले खंडाचे शास्त्र इंदापूरच्या माळावर लावले गेले. १८३० मध्ये हे दर लागू झाले आणि थोड्याच वर्षांत जमिनी ओस पडू लागल्या, रयत गाव सोडून जाऊ लागली. मग १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नवी जमाबंदी केली, दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. ह्या तीस वर्षांच्या शेवटी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस बंद झाला, इकडे भाव चढले. नेमक्या त्या तेजीच्या नजरेने १८६७ पासून फेरआकारणी आली. भाव उतरले तरी सारा चढाच राहिला. ओरड इतकी झाली की १८७४ मध्ये सरकारलाच मर्यादा घालावी लागली: तालुक्याची वाढ शेकडा ३३ च्या वर नको, एका गावाची ६६ च्या वर नको, एका खातेदाराची शंभराच्या वर नको. म्हणजे मर्यादा घातल्यावरही एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता! मर्यादेपूर्वी काय होत असेल ते ह्यावरून समजावे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने ह्या प्रश्नावर चौकशी केली, अर्ज केले. ते काम मोलाचे होते. मात्र त्या सभेत बसणाऱ्यांपैकी किती जण स्वतः इनामदार, वतनदार होते हेही आपण विसरू नये.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी रोखे, गहाणखते, हुकूमनामे मागितले आणि जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्याआधी दोन वर्षांपासून सह्याद्रीच्या अंगाला होन्या भागोजी केंगले ह्याच्या नेतृत्वाखाली कोळी सावकारांवर तुटून पडत होतेच. सरकारने आयोग नेमला. आयोगाने बहुतेक दोष सावकाराच्या आणि शेतकऱ्याच्या माथी मारला. ऑकलंड कॉल्विन ह्या एका सभासदाने मात्र फेरआकारणीवरही बोट ठेवले. शेवटी १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. ज्याच्या नावे जमीन होती त्याला त्याचा थोडाबहुत उपयोग झाला.

ह्या साऱ्या प्रकरणात मला एक गोष्ट फार बोचते. सुप्याच्या आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी त्याची दाढी करीना, पाणक्या पाणी भरीना. इतिहासाच्या पुस्तकांत हा बहिष्कार जनशक्तीचा पहिला आविष्कार म्हणून येतो. असेल. पण ह्या शस्त्राची धार कुठून आली? गावगाड्यात प्रत्येक जातीला बांधून दिलेल्या कामातून. त्या बांधणीच्या जोरावर गाव कुणालाही एकटे पाडू शकत होते. चवदार तळ्यानंतर हेच शस्त्र आपल्यावर चालले. दुकान बंद, दळण बंद, मजुरी बंद, वाट बंद. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यावर बाबासाहेबही होते, अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्कार कसा वापरला जातो ते १९३० च्या अहवालात नमूद केले आहे. करड्याचा बहिष्कार गौरवाने शिकवणारा मी, त्याच तासाला दुसऱ्या बहिष्काराबद्दल बोलत नव्हतो. अभ्यासक्रमात ती दोन वेगळी प्रकरणे आहेत. एक 'शेतकरी चळवळ', दुसरे 'सामाजिक सुधारणा'.

फडक्यांचे आत्मनिवेदन मी दोनदा वाचले. पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून, तेव्हा भारावलो. लष्कराच्या हिशेब खात्यातला हा कारकून दुष्काळात गावोगाव फिरला, भुकेने मेलेली माणसे त्याने पाहिली आणि नोकरी, घर, जीव सगळे पणाला लावले. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर पहिला छापा पडला, जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांच्या जाहीरनाम्यात करांचा बोजा कमी करा, लोकांना कामे द्या, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा अशा मागण्या होत्या. ह्या माणसाच्या निष्ठेविषयी शंका घेणारा मी कोण!

दुसऱ्यांदा वाचले तेव्हा दुसरेच दिसले. सुशिक्षितांनी पाठ फिरवल्यावर फडके रामोशांकडे वळले. दौलतराव नाईक आणि त्यांची माणसे नसती तर हे बंड एका खोलीत राहिले असते. आणि तरीही श्रीशैल मल्लिकार्जुनाला बसून फडके लिहितात तेव्हा रामोशांविषयी त्यांची तक्रार अशी की ह्यांना ध्येय नाही, ह्यांचे लक्ष लुटीवर. रामोशी का आला असेल, हा प्रश्न त्या लेखनात कुठेच उभा राहत नाही. रामोशाचे गावराखणीचे आणि गडराखणीचे हक्क नव्या राजवटीत गेले होते. उमाजी नाईक त्याच कारणाने उठला, १८३१ च्या जाहीरनाम्यात त्याने इंग्रजांना सारा देऊ नका असे लोकांना बजावले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेला. फडक्यांच्या जन्माआधी तेरा वर्षे! करबंदीचा हुकूम पुणे जिल्ह्यात पहिल्यांदा एका रामोशाने काढला होता. रामोशाला ध्येय शिकवायची गरज नव्हती. त्याचे ध्येय लिहून ठेवायला त्याच्याकडे लेखणी नव्हती, आणि ज्याच्याकडे होती त्याने लुटीचे तेवढे लिहिले. ह्याला मी वाङ्मयीन प्रश्न समजतो. निवेदकाची जात निवेदनात कशी उतरते ह्याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो.

चिंचवडला चापेकर बंधूंचा चौक आहे, पुतळे आहेत, त्यांचा वाडा स्मारक म्हणून जपला आहे. १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या प्लेगच्या बंदोबस्तावरून. ते करांचे प्रकरण नव्हे, म्हणून इथे पुरे. एवढेच नोंदवतो की आमच्या पट्ट्यातली क्रांतीची भूगोलाची वही चिंचवडच्या वाड्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

आता 'शेतकऱ्याचा असूड'. १८८३ मध्ये जोतीरावांनी हे पुस्तक लिहून पूर्ण केले. वसाहतीच्या करपद्धतीवर मराठीत इतके निर्भीड लिहिणारे दुसरे पुस्तक त्या शतकात मला आढळलेले नाही. सारा, लोकल फंड, जकात, टोल, मीठ, एकेका कराचे नाव घेऊन जोतीराव विचारतात की हा पैसा जातो कुठे. गोऱ्या अधिकाऱ्याच्या पगाराला, पेन्शनीला, आणि त्याच्या हाताखालच्या भट कामगाराच्या खिशात. साऱ्याच्या रुपयामागे आणा लोकल फंड बसवला, त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाचा, आणि शाळेत शेतकऱ्याचे पोर नाही. हीच तक्रार त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तंबूकडून बडबडत घरी परतणारा शेतकरी आणि मग त्याच्या घरातली एकेक वस्तू मांडणारे ते वर्णन! मराठी वास्तववादाचा उगम शोधणाऱ्यांनी कादंबऱ्या चाळण्याआधी ही पाने वाचावीत. वर्ग, धर्म आणि राज्य ह्या तिघांची हातमिळवणी करातून कशी होते हे त्यांच्याइतके स्पष्ट फडक्यांनाही दिसले नव्हते आणि सार्वजनिक सभेला तर दिसणे शक्यच नव्हते.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती आपणच बोलली पाहिजे. 'असूड'च्या उपोद्घातात शेतकरी म्हणून तीन जाती येतात: कुणबी, माळी, धनगर. पुस्तकाच्या नावातला शेतकरी हा आहे. महार-मांग जोतीरावांच्या विचारातून कधीच सुटले नाहीत, त्यांच्या शाळा आणि त्यांचा हौद ह्याला साक्ष आहेत. पण ह्या विशिष्ट पुस्तकात, जिथे कराचा हिशेब मांडला आहे तिथे, महाराने राज्याला काय दिले ह्याचा रकाना नाही. कारण तो हिशेब रुपये-आण्यांचा आहे. काहीजण म्हणतील, जोतीरावांवर टीका करता? होय. ज्यांनी आपल्याला हिशेब मागायला शिकवले त्यांच्याच पुस्तकात एक रकाना कमी आहे हे सांगणे हा त्यांचाच धडा आहे.

जोतीरावांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या, गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. तो धागा इथे उपयोगी पडतो. प्रतिनिधी नाही तर कर नाही, ही घोषणा करून अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या. करातून क्रांती होते ह्याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण ते. ती घोषणा देणाऱ्यांत गुलामांचे मालक होते. क्रांती यशस्वी झाली आणि १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींची आणि प्रत्यक्ष करांची वाटणी करताना गुलामाला माणसाचा तीन पंचमांश धरले. त्याला मत नव्हते, पण मालकाच्या प्रतिनिधींची संख्या त्याच्यामुळे वाढली. करविरोधी क्रांती माणसाला मोजते, पण कुणाच्या खात्यावर मोजते हे पाहावे लागते.

आपल्याकडे हे मोजमाप वतनाच्या खात्यावर झाले. १८७४ मध्ये, म्हणजे साऱ्याच्या वाढीला सरकार मर्यादा घालत होते त्याच वर्षी, मुंबई सरकारने वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला. देशमुख-देशपांड्यांना त्यांच्या वतनाच्या उत्पन्नाचा काही भाग सरकारात भरून नोकरीतून मोकळे होण्याची सोय १८६० च्या दशकातच मिळाली होती. महाराला ती मिळाली नाही, कारण तो सरकारला 'उपयोगी' होता. उपयोग कसला? साऱ्यासाठी रयतेला चावडीवर बोलावून आणणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, अधिकारी आला की त्याचे सामान वाहणे, त्याच्या घोड्याला चारा-पाणी, टपाल पोचवणे, गावात परका माणूस आल्यास पाटलाला खबर देणे, आणि जमलेला भरणा तालुक्याच्या खजिन्यात नेताना बरोबर चालणे. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि गावाने दिले तर बलुते. त्या इनामावरही जुडी भरावी लागे. म्हणजे ह्या माणसाने राज्याला दोनदा कर दिला: एकदा जुडीचा रोख आणि एकदा अंगाचा. दुसऱ्या कराची पावती कधी कुणी फाडली नाही.

माझे आजोबा खेड तालुक्यातल्या एका गावी पाळीचे येसकर होते. लहानपणी मी त्यांना भरण्याविषयी विचारले होते. ते म्हणाले, "पैका पाटील मोजायचा, कुलकर्णी लिव्हायचा. मी फक्त चालायचो. पर वाटंत एक आना कमी भरला आसता तर चोर कोन? मीच." एवढेच. वसाहतीच्या महसूलयंत्रणेवर मी वाचलेल्या ग्रंथांत ह्या तीन वाक्यांची बरोबरी करणारे फार थोडे आहे.

आणि इथे मला आपल्या समीक्षेशी भांडायचे आहे. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ही पुस्तके आली तेव्हा प्रस्थापित समीक्षकांनी 'वेदना' हा शब्द काढला, आणि आपणही तो उचलला. वेदना आहेच. पण तराळकीचे ते तपशील, कोणते काम, किती वेळा, कुणाच्या हुकमाने, मोबदला काय, हे नुसते दुःखाचे वर्णन नव्हे. तो हिशेब आहे. 'असूड'मध्ये जो रकाना रिकामा राहिला तो ह्या आत्मकथनांनी शंभर वर्षांनी भरला. आपण त्या पानांवर रडलो, त्यांची बेरीज केली नाही. ज्या दिवशी बेरीज करू त्या दिवशी कळेल की वसाहतीचा महसूल स्वस्तात गोळा होत होता त्याचे कारण गावोगाव एक बिनपगारी खाते उभे होते. कलेक्टरच्या अंदाजपत्रकात त्याचा खर्च दिसत नाही, म्हणून इतिहासकाराला ते खाते दिसत नाही.

बाबासाहेबांना ते दिसले, आणि ते अपघाताने दिसले नाही. कोलंबियातला त्यांचा १९१५ चा एम. ए. चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था ह्यांवर आहे. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. हे दोन्ही महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात १९८९ पासून उपलब्ध आहेत. आपल्या किती अभ्यासमंडळांनी तो खंड उघडला आहे? 'जातींचे निर्मूलन' आपण वाचतो, पाठ करतो, आणि सहावा खंड अर्थशास्त्राच्या मास्तरांसाठी सोडून देतो. मीही पस्तिशीला येईपर्यंत तो उघडला नव्हता. जमीन महसूल, मीठ, जकाती ह्यांनी शेतीला आणि उद्योगाला कसे पिळले ते त्यांत आकड्यांनिशी आहे. आणि त्याच लेखकाने ग्रंथाच्या शेवटी हेही दाखवले आहे की हे सरकार सामाजिक अन्यायाला हात घालू शकत नव्हते. ह्या दोन गोष्टी एका माणसाने एका पुस्तकात सांगितल्या. राष्ट्रवादी अर्थशास्त्राने त्यांतली पहिली सांगितली, दुसरी गाळली.

१९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी विचारले की प्राप्तिकरात लहान उत्पन्नाला सूट, मग शेतसाऱ्यात चार पांदीच्या धन्याला आणि मोठ्या जहागीरदाराला एकच न्याय का? लक्षात घ्या, हा प्रश्न ते सारा भरणाऱ्या लहान कुणब्यासाठी विचारत होते. त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरवा. कामे कोणती ते लिहून द्या. ज्याला ही नोकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या. शेवटचे कलम पुन्हा वाचण्यासारखे आहे. सुप्याचा शेतकरी म्हणत होता कर्ज नको. फडके म्हणत होते कर कमी करा. हा माणूस म्हणत होता, आमच्यावर पूर्ण कर लावा, पण आम्हाला मोकळे करा! करविरोधी बंडांच्या इतिहासात अशी मागणी मला दुसरी माहीत नाही. दर उतरवून घेणे हा रोषाचा हेतू असतो. ज्या नात्यातून तो कर निघतो ते नातेच मोडणे, ह्याला मी क्रांती म्हणतो. छत्रपती शाहूंनी कोल्हापुरात १९१८ मध्ये जे करून दाखवले होते तेच मुंबई इलाख्यात मागितले गेले. विधेयकाला विरोध झाला, ते चिकित्सा समितीकडे गेले आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले.

मताधिकाराचेही असेच उलटे गणित होते. १९१९ च्या कायद्याने ग्रामीण भागात मत मिळाले ते ठरावीक सारा भरणाऱ्याला. अमेरिकेतली घोषणा इथे उलटी होऊन आली: कर नाही तर प्रतिनिधी नाही. येसकर तो सारा अंगावर वाहत होता, पण त्याच्या नावे तो लिहिलेला नव्हता, म्हणून त्याला मत नव्हते. त्याच वर्षी साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा असे सांगितले, ते ह्या गणितावरच बोट ठेवून.

पुढे जुडी वाढली. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदार महार-मांगांच्या परिषदा भरल्या. सिन्नरला करबंदीची भाषा झाली. दांडीच्या मिठाचे सत्याग्रह शाळेतल्या पोराला पाठ असतात, आणि असावेत, कारण मिठाचा कर भूमिहीनालाही भरावा लागे. बार्डोलीची करबंदी प्रश्नपत्रिकेत हमखास येते. हरेगाव आणि सिन्नर येत नाहीत. त्या परिषदांचे नाव सांगितले की माझे सहकारी म्हणतात, ती जातीची चळवळ. वसाहतीच्या सरकारने जमिनीवर बसवलेला कर, त्याविरुद्ध जमलेले हजारो लोक, कर भरू नका असा पुकार. ह्यात जात आहेच. पण ह्याला करविरोधी लढा म्हणण्यासाठी आणखी काय लागते, ते त्यांनी सांगावे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. आजोबा चालत गेले होते. आजी सांगायची की परतल्यावर त्यांनी येसकरकीची काठी दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली, घरात आणायची नाही. सरकारी हुकूम यायला अजून वेळ होता. १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याचा कायदा झाला, १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. जमीन परत हवी तर पूर्ण साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरायची, आणि भरल्यावरही कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या अंगाने कर भरलेल्या माणसाने स्वतःची जमीन स्वतः विकत घ्यायची होती.

आमच्या घरच्यांनी ती रक्कम भरली. ती जमीन आज आमच्याकडे नाही. चाकणला कारखाने येणार म्हटल्यावर अशा तुकड्यांभोवती दलाल फिरू लागले. परवानगीची अट होती, म्हणून थेट खरेदी झाली नाही, मुखत्यारपत्रे झाली, आणि थोडी रोकड हाती पडली. ह्या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत. भोगवटादार वर्ग दोनची अट दुबळ्याची जमीन राखण्यासाठी होती असे कायद्याचे म्हणणे. प्रत्यक्षात बाजारभावाने विकण्यापुरती ती आडवी आली, फुकापासरी जाण्याला आडवी आली नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत घरांवरच्या शास्तीकराविरुद्ध वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या आणि २०२३ मध्ये तो माफ झाला. चांगले झाले, त्यांत कामगारांचीही घरे होती. पण पट्ट्यातल्या वतनी जमिनींवर एखादी निवडणूक लढली गेल्याचे मी पाहिलेले नाही.

आजोबांच्या ट्रंकेत त्या तिप्पट साऱ्याची पावती सापडली. कागद घडीवर फाटला आहे. रक्कम वाचता येते, शिक्का अर्धा उमटला आहे, आणि खाली अंगठा. मागच्या वर्षी ती मी वर्गात नेली. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता तो तोवर उत्तीर्ण होऊन एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता. त्याला मी ती नंतर दाखवली. त्याने विचारले, अशा आणखी किती असतील. मला सांगता आले नाही. खेड, मावळ, हवेली, शिरूर ह्या तालुक्यांतल्या वाचकांच्या घरी अशा पावत्या, जुडीचे दाखले, पाळीच्या याद्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. मूळ कागद पाठवू नये, फक्त छायाप्रत काढून ह्या त्रैमासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावी.